भैरू महाराजांची विरक्ती

कोळवण खोऱ्यात माणसाला महाराज व्हायला फार काही लागत नाही. गळ्यात तुळशीची माळ घालावी, मटण सोडावं आणि बांधावरच्या भांडणात तोंड मिटून उभं राहावं. दोन-तीन वर्षांत लोक पायाला हात लावायला लागतात. तरीसुद्धा भैरू टेमघरे कधी महाराज होईल, यावर खोऱ्यातल्या एकाही शहाण्या माणसानं पैज लावली नसती.

भैरू नावासारखाच होता. भैरवनाथ जसा रागीट, तसा हा. या खोऱ्यात भाताची खाचरं डोंगराच्या अंगावरून पायऱ्यांसारखी उतरत येतात. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात येतं आणि पाण्याबरोबर भांडणंही खाली येतात. भैरूच्या वरचं खाचर त्याच्या धाकट्या भावाचं, भिकूचं. एका वर्षी ऐन लावणीत भिकूनं पाणी अडवलं म्हणून भैरूनं हातातलं फावडं भिरकावलं. ते भिकूच्या कानाजवळून गेलं आणि मागच्या उंबराच्या खोडात रुतलं. भाऊ वाचला, बोलणं मेलं. पुढं कितीतरी वर्षं दोघं भाऊ एकाच पाटाचं पाणी पीत होते आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

पण हाच भैरू टिलर घेऊन चिखलात उतरला की बघत राहावं. अर्ध्या खोऱ्याची चिखलणी तो करायचा. पाय पोटऱ्यांपर्यंत गाळात, वर पाठीवर ऊन, आणि गडी दिवसभर थकायचा नाही. संध्याकाळी घरी येऊन दोन म्हशींच्या धारा काढायचा आणि मग बायकोची मस्करी करायला पुन्हा ताजा.

बायको तुळजा. तिच्या आईनं नवस बोलून मिळवलेली, म्हणून देवीचं नाव. पौडच्या बाजारातून येताना भैरू तिच्यासाठी भेळेची पुडी आणायचा आणि ती हातात द्यायचा नाही. "शोध," म्हणायचा. पुडी त्याच्या अंगावरच कुठंतरी असायची. पोरगी दिशा मोठी होऊन रिह्याला नांदायला गेली, तरी हा खेळ चालू होता. तुळजा म्हणायची, "लेकीचं लगीन झालं, आता तरी सुधरा." आणि शोधायची.

पहिल्यांदा गेली ती भेळ.

ते कधी झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. विहिरीचं पाणी एका दिवसात आटत नाही. रोज एक वीत खाली जातं, आणि एक दिवस कळशी बुडाला लागते तेव्हा कळतं. भैरू बाजारातून नुसतं मीठ-मिरची घेऊन यायला लागला. मग जेवण झालं की भिंतीला टेकून बसायला लागला. चिखलणीला दुपारीच दम लागायला लागला. मग राग गेला. पलीकडच्या वाटेकऱ्यानं बांध कोरला, चांगला हातभर आत आला, भैरू बघून म्हणाला, "असू दे, माती कुणाची हाय." ऐकणाऱ्याला वाटलं, आपल्या कानात काहीतरी गेलंय.

जनार्दनबुवांनी त्याला नाव दिलं. बुवा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आणि गावच्या भजनी मंडळाचे पुढारी. गाडी चालवली तशीच त्यांनी भजनंही चालवली, वेळेवर आणि ब्रेक दाबून. एका एकादशीला ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याला म्हंत्यात विरक्ती. आमी चाळीस वर्सं टाळ कुटतोय, आमाला आली न्हाई. भैरूला घरबसल्या आली."

शब्द मोठा होता. तो भैरूवर मापाच्या सदऱ्यासारखा बसला. त्यानं माळ घातली. लोक तंटा घेऊन त्याच्याकडं यायला लागले, कारण तो कुणाची बाजू घेत नसे. आणि एक दिवस भिकू आला. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, वाकला आणि म्हणाला, "दादा, चुकलं माजं." भैरूनं त्याला उठवून शेजारी बसवलं. तुळजानं दोघांना एका ताटात वाढलं. त्या दिवशी भैरूला मनापासून वाटलं, आपल्याला देव भेटला.

तुळजाला काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही. पहिल्या वर्षी तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. दुसऱ्या वर्षी वाटलं, बाहेर कुणीतरी आहे. पण हा माणूस म्हशींच्या मागं आणि देवळात, तिसरीकडं जाईच ना. मग गाव त्याच्या पाया पडायला लागलं, आणि तिनं आपलं अंथरूण आपणच उचलून मधल्या खोलीत नेलं. सवत बाईमाणूस असती तर झिंज्या उपटल्या असत्या. देवाच्या कुठून उपटायच्या?

अशी चार वर्षं गेली.

मार्गशीर्षात गावचा सप्ताह असतो. सात दिवस देवळात नाम चालू, आणि सातही दिवस कुणीतरी वीणा गळ्यात घेऊन उभं असतं. वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढं होतो आणि उभ्या-उभ्याच ती आपल्या गळ्यात घेतो. गेल्या साली भैरूकडं बरेच पहारे होते. चौथ्या दिवशी वीणा घेऊन तो गाभाऱ्यासमोरून वळला आणि पायरी चुकला. पडता पडता त्यानं वीणा उजव्या हातानं वर धरली आणि डाव्या हातावर पडला. मनगट कडकन वाजलं.

"वीना टेकू दिली न्हाई!" देऊळभर आवाज झाला. "हात मोडला पर वीना टेकू दिली न्हाई!" त्या दिवसापासून भैरू महाराजांच्या नावापुढची उरलीसुरली शंकाही गेली.

पौडच्या दवाखान्यात डॉक्टर मृण्मयी नावाची तरुण बाई होती. प्लास्टर घालून झाल्यावर तिनं एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला.

"काका, किती उंचावरून पडलात?"

"एका पायरीवरनं."

"एकाच?"

"देवळाची पायरी. इतभर आसंल."

"वीतभर पायरीवरून पडून तुमच्या वयाच्या माणसाचं मनगट असं मोडत नाही. हाडं साठी उलटलेल्या बाईसारखी विरळ दिसतायत. वय किती?"

"सेहेचाळीस."

तिनं खुर्ची पुढं ओढली. दम लागतो का, झोप लागते का, अंगावरचे केस कमी झाले का. भैरू उत्तरं देत होता. दाढी आधी रोज लागायची, आता बाजाराच्या बाजारी. संध्याकाळी कपाळामागं ठणकतं, त्याची सवय झालीय. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि आवाज जरा उतरवला.

"आणि इच्छा होते का?"

भैरूचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याला गावात पुष्कळांनी विचारला होता. उत्तर ओठावरच होतं.

"न्हाई. देवाच्या दयेनं कसलीच इच्छा ऱ्हायली न्हाई."

"कधीपासून?"

"चार वर्सं झाली. बुवा म्हंत्यात, मागल्या जल्माची पुण्याई."

डॉक्टरीण त्याच्याकडं बघतच राहिली. तुळजा बाजूच्या स्टुलावर बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "बाई, हे देवाधर्मातली इच्छा सांगत्यात." मग फरशीकडं बघत म्हणाली, "पर तुमी इचारताय ती बी न्हाई. तितकीच वर्सं."

बाहेर कंपाउंडर कुणाचा तरी नंबर पुकारत होता. भैरूनं प्लास्टरमधल्या बोटांकडं मान वळवली. चार वर्षांत तुळजा हे पहिल्यांदाच कुणापुढं बोलली होती, आणि ते त्याच्या देखत.

"काका, या दोन्ही इच्छा एकाच कारणानं गेल्या असतील," डॉक्टरीण म्हणाली. "पुरुषाच्या अंगात एक हार्मोन असतं, टेस्टोस्टेरॉन. दाढी, हाडं, ताकद, बायकोची ओढ, सगळं त्याच्यावर. थोडाफार रागसुद्धा. तुमचं कमी झालं असावं. पण असावं म्हणून मी औषध देत नाही. रक्त तपासू. सकाळी लवकर, उपाशीपोटी. कमी आलं तर पुन्हा एकदा तपासू. एका तपासणीवर आम्ही माणसाला कमी ठरवत नाही."

पहिल्या खेपेला भैरू धारा काढून, डेअरीला दूध घालून, दुपारी पोहोचला. तिनं तसाच परत पाठवला. "दुपारचं चालत नाही, काका. ते सकाळी भरात असतं, मग उतरत जातं."

"सकाळच्या धारंवानी," भैरू म्हणाला. दुसऱ्या दिवशी तुळजानं धारा काढल्या आणि तो पहिल्या एसटीनं गेला.

रक्त दोन्ही वेळा कमी आलं. बातमी घरातच ठेवायची असं ठरलं होतं, पण भिकूचा शेखर हिंजवडीला एका कंपनीच्या गेटवर उभा राहतो आणि जिममध्ये दंड फुगवतो. त्याच्या नजरेतून रिपोर्ट सुटला नाही. तो गोठ्यात येऊन हळूच म्हणाला, "तात्या, ह्याला काय डाक्टर लागतोय? आमच्या जिममदी इंजेक्शन मिळतंय. चार घेतली की रेडा व्हशील."

भैरूनं हे जसंच्या तसं डॉक्टरणीला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "त्या मुलाला एकदा माझ्याकडं पाठवा. बाहेरून भरत राहिलं की अंगातलं स्वतःचं बनायचं बंद होतं. आणि तुमचं कशानं आटलं, ते कळायच्या आत भरायला घेतलं तर मूळ दुखणं आत तसंच वाढत राहील. पाण्याची मोटार सारखी बंद पडते, तर टँकर मागवायचा की आधी वायर बघायची?"

वायर बघायला पुण्याला जावं लागलं. आणखी रक्त, मग डोक्याचा फोटो, त्या मोठ्या नळीत झोपून. भैरूनं आत डोळे मिटले आणि नाम घ्यायचा प्रयत्न केला, पण मशीनचा ठोका वेगळ्याच तालात होता. फोटो घेऊन दोघं पुन्हा पौडला आली.

"कॅन्सर नाही, ते आधी सांगते," डॉक्टरीण म्हणाली. "मेंदूच्या बुडाशी एक ग्रंथी असते. अंगातल्या पुष्कळ गोष्टींना तिथून हुकूम सुटतो. तुमच्या त्या ग्रंथीत मुगाच्या दाण्याएवढी गाठ आहे. बाळंत झालेल्या बाईच्या अंगात दूध आणणारं एक हार्मोन असतं, ते ही गाठ सोडत बसलीय. ते वाढलं की पुरुषाचं हार्मोन दबतं."

भैरूनं फोटोतल्या त्या दाण्याकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी पान्हा."

"काय?"

"म्हस व्याली, रेडकू पितंय, धार चालू हाय, तवर ती लवकर माजावर येत न्हाई. कितीबी करा, रेड्याकडं बघत बी न्हाई. गप उभी ऱ्हाती, रवंथ करीत. तसंच का हे?"

डॉक्टरणीनं मान हलवली. "हो. तसंच."

"म्हंजी चार वर्सं माजं डोकं पान्हवलंय."

तुळजाला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला तरी खांदे गदगदायला लागले. आणि त्या गदगदण्यातच कधीतरी हसण्याचं रडणं झालं. डॉक्टरणीनं पाण्याचा पेला पुढं केला. भैरू मात्र हसला नाही. गोठ्यातली चंद्री म्हैस त्याला डोळ्यांसमोर दिसत होती: व्याल्यावर कशी शांत उभी असते, डोळे अर्धे मिटून, माशी बसली तरी शेपूट हलवत नाही. तिच्या पायाला कुणी हात लावला नव्हता.

औषध साधं होतं. आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी, रात्री जेवण झाल्यावर. सुरुवातीला मळमळेल, एकदम उठलं तर गरगरेल. हाडांसाठी वेगळ्या गोळ्या. अधूनमधून रक्त. "गाठ आकसत जाईल. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. काही महिन्यांत ताकद येईल, दाढी येईल, इच्छा येईल. चिडचिडही थोडी होईल, घरच्यांनी सांभाळून घ्यायचं."

"आन् शांती?" भैरूनं विचारलं.

"कसली शांती?"

"मला आल्याली. ती ऱ्हाईल का जाईल?"

डॉक्टरणीनं पेनाला टोपण लावलं. "ते रक्तात दिसत नाही, काका," ती म्हणाली.

गोळ्यांची पुडी आणून भैरूनं देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि तिला हात लावला नाही. सोमवार गेला, गुरुवार गेला, पुन्हा सोमवार आला. तुळजा बघत होती, बोलत नव्हती.

त्याला भीती वाटत होती. मरणाची नव्हे, फावड्याची. आपल्या हातून सुटलेलं ते फावडं त्याला अजून स्वप्नात दिसायचं, आणि स्वप्नात ते उंबरात रुतायचं नाही. भिकू आता आठवड्यातून दोनदा त्याच्या ताटात जेवत होता. गोळी पोटात गेली आणि जुना भैरू उठून बसला तर? शिवाय दुसरीही एक गोष्ट होती, जी तो स्वतःशीसुद्धा अर्धीच बोलायचा. महाराज म्हणवून घेणं गोड लागत होतं. सकाळी देवळात गेलं की म्हातारीकोतारी माणसं उठून जागा करत. एवढं मोठं देणं देवानं दिलं असं समजून तो जगला, आणि आता कळलं की ते देणं मुगाच्या दाण्याचं. गोळी घेणं म्हणजे ते खरं आहे असं कबूल करणं.

शेवटी एका सकाळी, चंद्रीच्या कासेला पाणी मारता मारता, तुळजा बोलली.

"घेत न्हाई ना गोळी?"

भैरू वैरण टाकत राहिला.

"एक सांगू? देवानं तुमाला नेलं आसं मी समजले, म्हनून चार वर्सं भांडले न्हाई. देवाच्या म्होरं माजी काय टाप? पर तुमाला देवानं न्हेलंच न्हवतं." तिनं कासेवरचा हात थांबवला. "गाठीनं न्हेलंय. गाठीला मी का सोडू?"

त्या रात्री भैरूनं गोळी घेतली. पहाटेपर्यंत पोटात ढवळत होतं. तुळजा मधल्या खोलीतून उठून आली, त्याच्या उशाशी लिंबू कापून ठेवलं आणि तिथंच भिंतीला टेकून बसली.

आधी डोकं दुखायचं थांबलं. कपाळामागचा ठणका एवढा जुना होता की तो गेल्याचं त्याला दोन-चार दिवस कळलंच नाही. कसली तरी सोबत सुटल्यासारखं वाटत होतं. मग उन्हाळ्याच्या तोंडावर तो शेणखताच्या पाट्या वाहायला लागला आणि दुपारी बसला नाही. शिमगा होऊन गेला, आणि गाल खरखरीत लागायला लागले. पौडच्या न्हाव्यानं वस्तरा थांबवून विचारलं, "म्हाराज, काय खाताय?" रक्तातला आकडा वर सरकला, आणखी सरकला. डॉक्टरीण खूश झाली. शेखरही मधे एकदा तिच्याकडं जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण जिममधली सुई त्यानं सोडली.

बाकीचं कसं परत आलं, ते त्या दोघांनाच ठाऊक. एवढं खरं, की वैशाखातल्या एका बाजारी भैरू घरी आला, कंबरेवर हात ठेवून ओट्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "शोध." तुळजानं हातातलं सूप खाली ठेवलं. आजूबाजूला कुणी बघत नाही याची खात्री केली. मग म्हणाली, "काय तरीच," आणि शोधायला लागली.

राग आला तो लावणीत. पूर्वी जायचा तिथंच गेला. सकाळी भैरू टिलर घेऊन उतरला तर खाचरात पाणी नाही. वर बघितलं, भिकूनं बांधातल्या मोरीला दगड लावलेला. त्याचाही एक वाफा राहिला होता, दुपारी सोडणार होता. पण भैरूच्या कानशिलात एकदम रक्त चढलं. चार वर्षांत ते तिथवर आलं नव्हतं. हात फावड्याकडं गेला. फावडं उचललं. वर भिकू ताठ झाला. त्याचेही डोळे फावड्यावर.

भैरूला आपल्या दंडातला जोर कळत होता. फेकलं असतं तर या वेळी नेम चुकला नसता. तो तसाच उभा राहिला, किती वेळ कुणास ठाऊक. पाय चिखलात, छाती वर-खाली. मग फावडं त्यानं बांधात रोवलं आणि त्याच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, वावटळीत झाड धरावं तसं.

"भिक्या," तो ओरडला, "दगड काड! न्हाईतर मी वर यतो आन् तुला चिखलात लोळवतो!"

"लोळव की!" भिकू वरून ओरडला. त्याचा आवाज कापत होता, पण तोंडावर हसू फुटत होतं. "लई दिसांनी लोळवतोय म्हनालास, दादा! काडतो, काडतो."

पाणी आलं. भैरू दिवसभर चिखलणी करत राहिला आणि स्वतःशी विचार करत राहिला. गेल्या चार वर्षांत आपण एकही राग गिळला नव्हता, कारण ताटात रागच नव्हता. ज्याला भूक लागत नाही त्यानं एकादशी धरली, यात त्याचं काय? आज पहिल्यांदा भूक लागली होती आणि तो उपाशी उठला होता. घसा अजून दुखत होता.

भातं कापणीला आली तशी सप्ताहाची बैठक बसली. देवळात तीसेक माणसं. बायका शेतात होत्या. कापणी थांबत नाही. भोंगेवाला नवीन माईक जोडून सभामंडपात ठेवून, शिखरावरच्या भोंग्याची तार आवळायला वर चढला होता.

जनार्दनबुवा माईकसमोरच मांडी घालून बसले. "औंदा वीनंचा पैला पहारा आन् काल्याचा मान भैरू म्हाराजांना. गेल्या साली त्यांनी हात मोडून घेतला, पर वीना टेकू दिली न्हाई. आसा विरक्त मानूस—"

"बुवा, थांबा," भैरू म्हणाला आणि उठून पुढं आला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"मला म्हाराज म्हनू नगा. मला विरक्ती न्हवती. मला आजार हुता. डोक्यात गाठ हाय, तिच्यानं पुरुषाच्या अंगात जे लागतं ते आटलं. म्हनून राग न्हवता, म्हनून ताकद न्हवती, आन् म्हनून बायकोची इच्छा बी न्हवती. तुमी पाया पडत व्हता ते त्या गाठीच्या. आता गोळी घेतोय. आता समदं परत आलंय. राग बी आलाय."

मागून कुणीतरी खिंकाळलं. "समदं म्हंजी समदं का, म्हाराज?"

"गप बस, भाड्या!" भैरू कडाडला. "तुला झालं म्हंजी कळंल! लाज वाटून घरात कुजशील, बायको रडंल, आन् तू म्हनशील देवाची दया!"

आणि तेव्हा त्याला आपलाच आवाज समोरच्या डोंगरावरून परत ऐकू आला. देवाची दया, देवाची दया. शिखरावरून भोंगेवाला वाकून बघत होता. "चालू हाय व्हय हे?" त्यानं खालच्या माणसांना विचारलं. "मला वाटलं तार सुटलीय."

जनार्दनबुवांनी हात लांब करून माईकचा खटका दाबला. तीस माणसांत एकही माणूस हसला नाही. बुवांनी चष्मा पुसला. भैरूनं ओळखलं, आता मान जाणार; त्यानं मनाची तयारी केली होती.

"म्हाराज न्हाई तर न्हाई," बुवा म्हणाले. "पोरं समदी हिंजवडीला पाळीला जात्यात, पहाऱ्याला मानसं कुटं हायेत? पाय धड हायेत ना तुजे?"

"हायेत."

"मंग पैला पहारा न्हाई. तू पहाटंचा घे. पहाटंला कुनी येत न्हाई. गार लागतंय, आन् मन घराकडं पळतंय." बुवांनी त्याच्याकडं नीट बघितलं. "आता तुजं बी पळंल. बघू किती टिकतोस."

भैरू घरी आला आणि ओट्यावर बसून राहिला. थोड्या वेळात खालच्या वाटेनं बायकांचा घोळका आला. त्यांच्या हसण्याचा आवाज आधी आला. घोळका चिंचेपाशी थांबला. तुळजा एकटी पुढं आली, हातात विळा, केसांत भाताची कुसं, चेहरा तापलेला.

"आवं, लाज हाय का जरा?"

"माईक चालू हाय ते मला काय ठावं?"

"समद्या खोऱ्यानं ऐकलं! मी खाचरात वाकल्याली, आन् वरनं भोंगा सांगतोय, बायकोची इच्छा न्हवती! बायांनी विळं खाली टाकलं. मी पदर कुटपतूर वडायचा? रिह्यावरनं दिशाचा फोन आला, आई, बाबा बरं हायेत ना!"

"खोटं हाय का त्यातलं काय?"

"खरं हाय म्हनून भोंग्यावर सांगायचं?"

"मंग कुटं सांगायचं? चार वर्सं घरात कुनी इचारलं व्हतं का मला? तू अंथरून उचाललंस आन् गेलीस!"

"मी गेले? मी? भिंतीशी बोलायचं का मंग मी? तुमी नुस्तं हसायचा गालातल्या गालात, सादू झाल्यावानी! एकदा तरी म्हनायचं, तुळजे, नगं जाऊस!"

"तू तरी म्हनायचं, का जाऊ देताय!"

आवाज चढत चालले. चंद्रीनं गोठ्यातून मान वर केली. चिंचेखालच्या बायका हसायच्या थांबल्या आणि मग हळूहळू आपापल्या घरांकडं पांगल्या. तुळजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, पुसायला वेळच नव्हता. एक उत्तर द्यावं तोवर दुसरं तयार होत होतं. भैरू उभा राहिला होता, हातवारे करत होता, त्याचा आवाज फाटला होता.

वरच्या घरातून भिकू धावत आला. "दादा! वयनी! आवं काय चाललंय ह्ये? शांत व्हा, शांत व्हा—"

तुळजा त्याच्याकडं गर्रकन वळली.

"भावजी, तुमी मदी पडू नगा," ती म्हणाली. "लई दिसांनी भांडाय मिळालंय."